पूर्ण बरी झाल्याचा साबण

गल्लीत कुणाच्या घरी काही झालं की बायका आधी साचिएच्या दारात यायच्या. मूल झालं, म्हातारा गेला, पोराला नोकरी लागली, काहीही असो. काय द्यायचं, पाकिटावर दोरीची गाठ कुठली हवी, आणि मुख्य म्हणजे उलट काय पाठवायचं, हे तिला विचारल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नसे. साचिए घरी किमोनो शिवायची. सुई थांबवून, चष्म्यावरून बघत ती सांगायची, "लग्नाला आणि आजाराला सुटणारी गाठ चालत नाही. एकदाच व्हायच्या गोष्टी त्या. पक्की गाठ घ्या, पुन्हा न येणारी."

कुणाचं घेऊन बसायचं नाही, हा तिचा धर्मच होता म्हणा ना. शेजारच्या नागाई काकूंनी मुळे आणून दिले, तर त्यांची पानं कोमेजायच्या आत साचिएकडून काहीतरी त्या घरी पोचलेलं असे.

"अगं, आम्हाला निदान दिल्याचं सुख तरी घेऊ दे," नागाई काकू म्हणायच्या. "तुला काही द्यायचं म्हणजे भिंतीवर चेंडू मारण्यासारखं आहे. पाठ फिरवायच्या आत परत!"

साचिए हसून सोडून द्यायची, पण मनातून सुखावायची. एवढ्याशा बंदराच्या गावात, जिथे एका घरात तळलेल्या माशाचा वास तिसऱ्या घरात कळतो, तिथे आपल्या नावावर कुणाचं काही बाकी नाही, ही तिची श्रीमंती होती.

त्या वर्षी मे महिन्यात तिची एकुलती एक मुलगी कोतोने शाळेच्या मैदानावर चक्कर येऊन पडली. सतरा वर्षांची पोर. जिल्ह्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी साचिएला आणि तिचा नवरा इसामु याला वेगळ्या खोलीत बसवून आजाराचं खरं नाव सांगितलं. रक्ताचा कर्करोग. ते नाव त्या खोलीतच ठेवायचं, अशी तेव्हाची रीत होती. पोरीला सांगितलं, रक्त कमी झालंय. गल्लीलाही तेच सांगितलं.

गल्ली लोटली. पाकिटं आली, फळांच्या टोपल्या आल्या, नागाई काकूंनी हिरवं खरबूज आणलं, ते तर लाकडी पेटीत बसवलेलं. साचिए प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होती आणि मनात प्रत्येकाचं वजन टिपून ठेवत होती. कुणाला किती फेडायचं ते.

शुहेई मात्र कुठल्याच हिशेबात बसेना. तो गल्लीच्या टोकाच्या केस कापायच्या दुकानातला, फुमीचा मुलगा. त्याचे वडील बोटीवर गेले ते आलेच नाहीत. तेव्हापासून फुमीच दुकान चालवायची, पुरुषांच्या दाढ्या करायची, बायकांच्या चेहऱ्यावरची लव काढून द्यायची. शुहेई आणि कोतोने एका वर्गात. समुद्राच्या बांधावरून दोघं सायकली हातात धरून चालत येताना साचिएनं बघितलं होतं. सायकल असून चालत यायचं कारण काय, हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. हॉस्पिटलात तो पहिल्यांदा आला तो घामानं निथळत, आणि शर्टाच्या आतून त्यानं वर्तमानपत्रात बांधलेला भाजका माकूळ मासा काढला.

"आजारी माणसाला कुणी माकूळ आणतं का रे?" साचिए म्हणाली.

"काकू, फळं तर सगळेच आणतायत. हिला आता फळ बघितलं की मळमळतं."

"तुला कुणी सांगितलं?"

"तीच म्हणाली."

म्हणजे ती आईला सांगत नव्हती ते ह्याला सांगत होती. कोतोने पांघरुणात तोंड खुपसून हसत होती. सगळी खोली माकुळानं दरवळली, नर्स ओरडून गेली, आणि पोरीनं त्या आठवड्यात पहिल्यांदा काहीतरी पोटभर खाल्लं.

एकदा साचिए धुतलेले कपडे घेऊन आली, तर दार अर्धवट उघडं. कोतोने पलंगावर ताठ बसलेली, डोळे मिटलेले, गळ्याभोवती टॉवेल. शुहेई आईची कात्री घेऊन तिच्या कपाळावरचे केस कापत होता. जीभ दातांत धरून, एकेक बट बोटांत घेऊन.

"वाकडं झालं तर?" कोतोने म्हणाली.

"तर तू वाकडं बघ. सरळ दिसेल."

साचिए आत गेली नाही. कपड्यांचं गाठोडं छातीशी धरून ती बाहेरच्या बाकावर बसली. तिला राग आला होता का? आला होता. पण त्याहून जास्त काहीतरी वाटलं, त्याला तिला नाव देता येईना. आपल्या पोरीच्या चेहऱ्यावर इतकं निवांतपण तिनं स्वतः कधी आणलं नव्हतं.

ऑक्टोबरात कोतोने घरी आली. डॉक्टर म्हणाले, "सध्या रोग मागे हटलाय. आता थांबून पाहू." इसामुनं दोन्ही वाक्यं ऐकली. साचिएनं पहिलं वाक्य ऐकलं.

आजारातून उठल्यावर ज्यांनी ज्यांनी विचारपूस केली, त्यांना उलट भेट पाठवायची असते. ती संपून जाणारी वस्तू हवी, साखर नाहीतर साबण, म्हणजे आजारही तसाच वाहून जातो. भेटवस्तूंच्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "वर काय लिहू, बाई? दोन प्रकार असतात. अजून औषध चालू असेल, नुसती घरी आली असेल, तर वेगळं लिहितात. पूर्ण बरी झाली असेल तर 'पूर्ण बरी' असं लिहितात."

साचिएला हे कुणी सांगायला हवं होतं का? हे तीच सगळ्या गल्लीला सांगत आली होती.

"पूर्ण बरी," ती म्हणाली.

घरी इसामु चहाचा पेला फिरवत म्हणाला, "जरा थांबलो असतो तर?"

"किती थांबायचं? सहा महिने लोकांचं घेऊन बसलेय मी. नागाई काकू रस्त्यात दिसल्या की मला त्यांचं खरबूज दिसतं."

"डॉक्टर म्हणाले..."

"तुम्ही गप्प बसा हो. शुभ बोलावं माणसानं."

पक्क्या गाठीच्या पेट्या घरोघर गेल्या. आत पांढऱ्याशुभ्र, सुवासिक वड्या. फुमीच्या घरी सर्वांत मोठी पेटी गेली. माकूळ, सायकलीवरच्या खेपा, केस कापणं, सगळं फिटावं एवढी मोठी. ती घेताना शुहेई म्हणाला, "काकू, आमच्याकडे साबणाला काय तोटा! दिवसभर फेसच करतो आम्ही." फुमीनं त्याच्या डोक्यात टपली मारली आणि कमरेतून वाकून पेटी घेतली. साचिएला वाटलं, झालं, एक प्रकरण मिटलं.

जानेवारीत कोतोनेच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं.

ह्या वेळी डॉक्टरांनी दोन तासांवरच्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. औषधं तिथेच होती, ते खरंच होतं. पण त्या हॉस्पिटलात आपल्या गल्लीतलं कुणी येत-जात नाही, हे कळल्यावर साचिएला जे हायसं वाटलं, तेही खरं होतं. घरी येऊन ती स्वयंपाकघरात उभी राहिली. प्रत्येक घराच्या न्हाणीत अजून तिचा साबण होता. निम्मासुद्धा झिजला नसेल. सगळी गल्ली 'पूर्ण बरी' म्हणत अंग धुत होती, आणि आता त्यांनी काय करायचं? पुन्हा पाकिटं घेऊन यायचं? एकदाच व्हायच्या गोष्टीसाठी दुसऱ्यांदा? आणि तिनं कुठल्या तोंडानं घ्यायचं? जिला सगळे विचारायला येतात, तिनंच घाईनं दोरी आवळून रोगाला उलटं आवतण धाडलं, असं म्हणणार लोक. तोंडावर म्हणणार नाहीत, तेच वाईट.

दुसऱ्या दिवशी नागाई काकूंनी विचारलं, "कोतोने दिसली नाही गं?"

"ओकायामाला गेली. रेइकोकडे, माझ्या बहिणीकडे. तिथली शाळा चांगली आहे, कॉलेजच्या परीक्षेची तयारी होईल."

शब्द इतके सहज आले की साचिए स्वतःच दचकली. जिभेवर तयारच होते जणू.

"बघ बाई! आजारातून उठून लगेच अभ्यास! आमच्या नातवाला सांगते."

इसामुला कळलं तेव्हा तो जेवत होता. जेवणाचं ताट अर्धवट ठेवून उठला, एवढंच.

शुहेई दारात आला. त्याला नुसतं ओकायामा पुरणार नव्हतं, हे साचिएला ठाऊक होतं. तो पत्ता मागणार.

"तिनंच सांगितलंय," साचिए दाराची चौकट धरून म्हणाली, "की सध्या कुणी पत्रं पाठवू नयेत. लक्ष लागत नाही म्हणते. तू समजूतदार आहेस."

पोरगा चपलांकडे बघत म्हणाला, "माझं नाव घेऊन म्हणाली?"

"हो."

"बरं, काकू." वाकून नमस्कार करून गेला. त्या नमस्कारात काही कमी नव्हतं.

हॉस्पिटलात कोतोनेला काचेच्या खोलीत ठेवलं होतं. टोपी, मास्क घालून फक्त आईबापांनी आत जायचं. ह्या वेळी केस गेले होते. फोन बाहेरच्या व्हरांड्यात, आणि तिला बाहेर पडायची बंदी. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "आई, शुहेईला सांगितलंस ना मी इथे आहे ते?"

"सांगितलं."

"मग?"

"दुकानात मदत करतो तो आईला. येईल सवडीनं."

पुढच्या वेळी पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या वेळी विचारलं नाही. मग एक दिवस तोंडातल्या फोडांमुळे अडखळत म्हणाली, "त्याला सांग, मी रागावले नाहीये. घाबरतात लोक. मीपण घाबरले असते." साचिएनं चादरीची घडी नीट केली. आधीच नीट असलेली घडी तिनं पुन्हा उलगडून केली. मुलीनं त्यानंतर भाताची पेज नको म्हणायला सुरुवात केली. एक खोटं झाकायला दुसरं खोटं बोललं, आणि त्या दोन्हींच्या मध्ये पोर चेपत चालली होती. साचिएला हे दिसत होतं. पण आता खरं सांगायचं म्हणजे चार घरं नव्हे, अख्खी गल्ली ओलांडायची होती, आणि तिचे पाय उंबऱ्याबाहेर पडेनात.

मार्चमधल्या एका रविवारी रेइकोचा फोन आला.

"ताई, एक मुलगा आला होता दारात, कोतोनेनं कधीतरी दिलेला पत्ता घेऊन. केसांना तेल, हातात माकुळाचं पुडकं. कोतोनेला भेटायचंय म्हणाला. मी म्हटलं, अरे ती हॉस्पिटलात आहे ना? तर असा बघत राहिला... तू काय सांगून ठेवलंयस लोकांना? मला तरी सांगायचंस!"

साचिएनं फोन ठेवला. झालं. आता संध्याकाळपर्यंत गल्लीभर होणार. ती शिवणकाम घेऊन बसली आणि एक टाका धड पडेना.

संध्याकाळ झाली, रात्र झाली, दुसरा दिवस उजाडला. गल्लीत काहीच झालं नाही. नागाई काकूंनी नेहमीसारखंच, "कोतोनेला वाळवलेली पर्सिमॉनची फळं पाठवते हं, पत्ता दे," म्हटलं. आणि दुपारी फुमी आली. दुकानाचा पांढरा कोट काढून, चांगले कपडे घालून, मिठाईचा डबा घेऊन. आत बोलावलं तरी वर आली नाही. दारातल्या दगडी जमिनीवरच गुडघे टेकले आणि कपाळ उंबऱ्याला लावलं.

"साचिए वहिनी, माझ्या पोरानं फार वाईट केलं. तुमच्या बहिणीच्या दारात जाऊन उभा राहिला. मुलगी अभ्यासाला गेलेली, तिनं नको म्हटलेलं, तरी गेला. मला काल कळलं. विचारलं, भेटली का? तर म्हणतो, नाही भेटली, तिला मला भेटायचं नाहीये. एवढंच. मी कानाखाली दिली त्याच्या. एवढा घोडा झालाय, पण दिली. बाप नाही हो त्याला, मीच कमी पडले."

म्हणजे पोरानं आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. मार खाल्ला, पण साचिएचं खोटं तसंच झाकून ठेवलं.

साचिएला म्हणायचं होतं, उठा हो, कपाळ मी टेकायला हवं. पण तोंडातून आलं ते इतकंच, "असू द्या. मुलं असतात अशी." आणि तिनं मिठाईचा डबा दोन्ही हातांनी घेतला. फुमी डोळे पुसत गेली. साचिए डबा मांडीवर घेऊन उंबऱ्यावरच बसून राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातात अशी वस्तू होती, जिच्या बदल्यात काय पाठवायचं ते तिला कळत नव्हतं.

इसामु कामावरून आला तेव्हा ती तशीच बसलेली. त्यानं डबा बघितला, तिच्याकडे बघितलं. "मी बोलत नाही म्हणून मला कळत नाही असं समजू नकोस," तो म्हणाला. "तुझ्याबरोबर मीही लपलो. पण पोरगी आपली आहे, साचिए. गल्लीची नाही."

सकाळी ती बंदराच्या स्टेशनात गेली आणि शाळेच्या पिशवीसकट शुहेईला थांबवलं. त्याच्या गालावर अजून लाली होती की तिलाच तसं दिसलं, कोण जाणे.

"चल माझ्याबरोबर."

"काकू, मी कुणाला सांगितलं नाहीये," तो घाईघाईनं म्हणाला. "सांगणारही नाही. मला फक्त हॉस्पिटलचं नाव हवंय. आईला सांगेन मासळी बाजारात काम लागलं, आणि जात जाईन."

"तुला कशाला खोटं बोलायला लावू? चल."

गाडीत दोन तास दोघं समोरासमोर बसले. मध्येच तो म्हणाला, "केस गेले का?" ती म्हणाली, "हो." तो म्हणाला, "मग कात्री नको होती आणायला." ती खिडकीकडे वळली.

काचेच्या खोलीच्या आत त्याला सोडेनात. नर्सनं पडदा बाजूला केला, आणि काचेला जोडलेल्या बोलण्याच्या यंत्राचा रिसीव्हर हातात दिला. आत कोतोने उशीला टेकून होती. तिनं बघितलं. हात पटकन डोक्यावर गेला, उघड्या डोक्यावर, आणि मग तिनं तो तसाच खाली आणला.

"आलास."

"आलो."

"उशीर केलास. आईनं जानेवारीतच सांगितलं होतं तुला."

साचिए त्याच्या मागेच उभी होती. रिसीव्हरमधला आवाज तिला ऐकू येत होता. शुहेईनं मागे वळून बघितलं नाही. तो म्हणाला, "हो. सांगितलं होतं काकूंनी. मीच नाही आलो. घाबरलो."

काचेपलीकडे कोतोनेचा चेहरा हळूहळू मिटत गेला. तिनं मान डोलावली, समजूतदारपणे. मला माहीतच होतं, अशी. दोन महिने तिनं जे स्वतःला समजावलं होतं, ते खरं ठरलं होतं.

साचिएला वाटलं, गप्प राहावं. पोरगा स्वतःहून घेतोय अंगावर, राहू द्यावं. एवढं एक निभलं की संपलं. तिला तसं वाटलं, हीच गोष्ट तिला पुढे कित्येक वर्षं स्वतःबद्दल विसरता आली नाही. एक श्वासभर, पण वाटलं.

मग तिनं त्याच्या हातातून रिसीव्हर घेतला.

"खोटं बोलतोय तो," ती म्हणाली. आवाज तिचाच वाटेना. "मी सांगितलंच नव्हतं त्याला. कुणालाच सांगितलं नाही. तू ओकायामाला अभ्यासाला गेलीस असं सांगितलं. त्याला म्हटलं, तिला तुझी पत्रं नकोत. तो तुला शोधत रेइकोच्या दारात गेला. आईचा मार खाल्ला."

कोतोनेनं आईकडे बघितलं. रागानं नव्हे. अनोळखी बाईकडे बघावं तसं.

"का?"

"साबण..." साचिए म्हणाली आणि थांबली. तो शब्द तिथे, त्या काचेसमोर, इतका क्षुद्र वाटला की पुढचं वाक्य होईना. "पूर्ण बरी म्हणून वाटला होता मी. मला लाज वाटली."

"माझी?"

"नाही गं. माझी." पण हे बोलतानाच तिला कळलं, की पोरीला त्यात काही फरक दिसत नाहीये, आणि तिलाही तो आता नीट दाखवता आला नसता.

"म्हणजे मी आजारी आहे हे कुणाला माहीतच नाही," कोतोने म्हणाली. "मला वाटायचं, कुणी साधी विचारपूस पण करत नाही. नागाई काकूसुद्धा नाहीत. मी इथे ओकतेय, आणि तिथे मी मजेत परीक्षेची तयारी करतेय." ती हसली, तोंडातल्या फोडांनी हसणं मध्येच तुटलं. "आई, सगळ्यांना सांग, आजाराच्या खऱ्या नावासकट; ते मला केव्हाच कळलंय. मला ओकायामात नाही राहायचं. मला इथे राहायचंय, जिथे मी आहे."

"सांगते."

"आज."

"आज."

"आणि आता जरा त्याला दे फोन. तू बाहेर बस."

साचिए व्हरांड्यातल्या बाकावर बसली. काचेपाशी शुहेईनं कपाळ टेकलं होतं, आणि तो काय बोलत होता ते तिनं ऐकायचा प्रयत्न केला नाही. ऐकायचा हक्क आपण घालवलाय, एवढं तिला कळत होतं.

दुपारच्या गाडीनं ती एकटीच परतली. घरी न जाता थेट गल्लीच्या टोकाला गेली. फुमीच्या दुकानात खुर्ची भरलेली होती. नागाई काकू मागे रेलून बसलेल्या, गालांवर, कपाळावर पांढरा फेस, आणि फुमीच्या हातात वस्तरा. बाकावर मासळीवाला म्हातारा नंबर लावून वर्तमानपत्र वाचत होता.

"या, वहिनी," फुमी अवघडून म्हणाली. "आज लव काढायची का?"

साचिएनं चपला काढल्या नाहीत. कापलेले केस पडलेल्या त्या फरशीवर, भरदुपारी, चार माणसांत तिनं गुडघे टेकले आणि कपाळ खाली लावलं.

"अहो, हे काय करताय!" फुमीनं वस्तरा बाजूला ठेवला.

"कोतोने ओकायामाला नाही. हॉस्पिटलात आहे. जानेवारीपासून. आजार उलटलाय. रक्ताचा कर्करोग आहे. मी सगळ्यांशी खोटं बोलले. तुमच्या पोराशी सगळ्यात जास्त. त्याला ते कळलं होतं, तरी त्यानं तुम्हाला सांगितलं नाही. मी तुम्हाला माझ्या दारात कपाळ टेकू दिलं."

वर्तमानपत्राचा आवाज थांबला. खुर्चीत नागाई काकू उठून बसल्या, फेसानं तोंड भरलेलं, बोलायला गेल्या आणि फेस ओठात गेला म्हणून थुंकल्या.

फुमी खुर्चीमागून पुढे आली. साचिएला तिच्या चपलांची टोकं फक्त दिसत होती.

"माझ्या पोराला मी मारलं," फुमी म्हणाली. आवाजात आता वाकणं नव्हतं. "तुमच्यासाठी."

"हो."

"उठा, वहिनी. गिऱ्हाईकं बघतायत."

"बघू देत," साचिए म्हणाली, आणि उठली नाही.